पत्र्याला धरून कोण ठेवतं?

या मालेत गेली काही व्याख्यानं आपण ‘संबंध’ या कल्पनेभोवती फिरतो आहोत. दोन वस्तू वेगळ्या असूनही एक कशा होतात, आणि एक झालेल्या पुन्हा वेगळ्या कशा होतात, हा तो प्रश्न. आज तो पोथीतून काढून घराच्या छपरावर न्यायचा आहे. विषय स्क्रूचा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने स्क्रूवर काय बोलावं असं कुणाला वाटेल, पण ज्या छपराखाली आपण झोपतो ते ज्याच्यावर टिकून आहे त्याच्याबद्दल विचार करायला हरकत नसावी.

आपल्या जालना जिल्ह्यात कुठेही जा, मंठा घ्या, भोकरदन घ्या, अंबडकडची वस्ती घ्या. पत्र्याचं घर दिसतं आणि पत्र्यावर ओळीने ठेवलेले दगड दिसतात. मधूनमधून एखादं जुनं टायर, विटा, मोडकी कुळवाची दांडीसुद्धा. उन्हाळ्याच्या शेवटी वावटळ आणि वळीव येतो, पत्रे उडतात आणि त्यांच्यासोबत ते दगडही खाली येतात. रात्रीची वेळ असेल तर खाली माणसं झोपलेली असतात. छप्पर वाचवायला ठेवलेला दगडच जीव घेतो, अशा बातम्या आपण मराठवाड्यात पुन्हा पुन्हा वाचतो.

हे दगड आले कुठून? आमच्या समजुतीप्रमाणे ते माळवदाच्या काळातून आले. आपली जुनी घरं माळवदाची, धाब्याची. लाकडी कड्या, वर फळ्या किंवा किलच, त्यावर फूटभर माती. एका चौरस मीटरवर साधारण 500 किलो वजन. असलं छप्पर वारा हलवू शकत नाही. ते वजनाने टिकायचं, जोडणीची त्याला फारशी गरजच नव्हती. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला काय झालं ते आपल्या पिढीने पाहिलं आहे. जमीन हलली तेव्हा जे वजन आधार होतं तेच अंगावर आलं. त्यानंतर हलक्या छपराकडे लोकांचा ओढा वाढला. शिवाय सागवान महागलं, माळवद दरवर्षी चोपायला माणसं मिळेनात. पत्रा आला. त्याचं वजन चौरस मीटरला चार-पाच किलो. भूकंपाचं भय कमी झालं, वाऱ्याचं वाढलं. छप्पर बदललं, पण त्याला धरून ठेवण्याची आपली रीत मात्र वजनाचीच राहिली.

आता थोडं गणित करू या. घाबरू नका, गुणाकारापलीकडे जाणार नाही. इमारतींवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे भारतीय मानक 875, भाग 3 वापरतात. त्यात शेजारच्या छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलेला आहे. म्हणजे ताशी 140 किलोमीटर. हा रोजचा वारा नव्हे, साधारण 50 वर्षांत एकदा गाठला जाईल अशा झोताचा हिशोब आहे. दाब काढायचं सूत्र सोपं आहे: वेगाचा वर्ग गुणिले 0.6. 39 चा वर्ग 1521, त्याला 0.6 ने गुणलं की 912 न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 93 किलो. उंची, भोवतालची झाडं-घरं यांचे गुणक तूर्त बाजूला ठेवू.

दहा फूट बाय तीन फुटांचा एक पत्रा म्हणजे 2.8 चौरस मीटर. त्यावर 260 किलोची ओढ. आणि ही ओढ वरच्या दिशेने असते, हे महत्त्वाचं. छपरावरून जाताना वारा वेग घेतो आणि तिथला दाब उतरतो; त्याच वेळी उघड्या दारातून शिरलेला वारा आतून वर रेटतो. म्हणून पडवीचा पत्रा सगळ्यांत आधी जातो, कारण खालून रेटा आणि वरून ओढ दोन्ही त्याच्याच वाट्याला येतात. छपराच्या कडांना आणि कोपऱ्यांना ही ओढ मधल्या भागाच्या दीडपट-दुप्पट होऊ शकते. आता सांगा, 20 किलोचे चार दगड 80 किलो. 260 कुठे, 80 कुठे! पत्रा पुरेसा जड करायला तेरा दगड लागतील, आणि तेरा दगड ठेवले तर पत्राच वाकेल.

इथे आपल्या वैशेषिकांना थोडा वेळ बोलावू. ते संबंध दोन प्रकारचे सांगतात. समवाय म्हणजे सुटू न शकणारा, जसा धागे आणि कापड यांचा. संयोग म्हणजे वेगळ्या असू शकणाऱ्या दोन वस्तूंची गाठ, जसा डोंगरावर येऊन बसलेला ससाणा. संयोगाला विभाग संपवतो. ससाणा उडाला की संयोग संपला. पत्र्यावरचा दगड हा ससाण्यासारखा आहे. तो बसला आहे, धरून नाही. आपल्याला हवा तो असा संयोग, जो विभागाच्या दिशेला आडवा येतो आणि तरीही मनात आलं तर आपल्याच हाताने सोडवता येतो. खिळा पहिलं काम थोडं करतो, दुसरं करत नाही. वेल्डिंग पहिलं करतं, दुसरं मुळीच नाही. दोन्ही करणारी वस्तू म्हणजे मळसूत्र.

हा आपला जुना शब्द बघा, मळसूत्र. फारसीतून ‘पेच’ आला, आणि आपण कुस्तीतला डाव, बुद्धीचं संकट, फिरवून बसवायचा खिळा, सगळ्यांना पेचच म्हटलं. स्क्रूला जो गोल बसतो त्याला आपले कारागीर ‘आटे’ म्हणतात. कागदाचा त्रिकोण कापून पेन्सिलीला गुंडाळला की आटे तयार होतात, करून पाहा. म्हणजे आटा हा पेन्सिलीभोवतीचा चढ आहे. अजिंठ्याचा घाट गाडी चढते ती वळणं घेत, सरळ नाही, तसंच हे. चढ जितका सौम्य, तितकं कमी जोरात जास्त काम. 10 मिलिमीटरच्या बोल्टला एका फेऱ्यात दीड मिलिमीटर पुढे सरकावं लागतं, म्हणजे चढ जेमतेम 3 अंशांचा. पोलादावर पोलाद घसरायला साधारण 8 अंश किंवा जास्त उतार लागतो. म्हणून बोल्ट वर ओढला तरी आपणहून उलटा फिरत नाही. घर्षण, ज्याला आपण एरवी अडथळा म्हणतो, तेच इथे राखणदार आहे. आणि त्याची किंमतही तो वसूल करतो: पाना फिरवताना आपण जो जोर लावतो त्यातला ढोबळ मानाने दहावा हिस्साच आवळण्याच्या कामी येतो, बाकीचा डोक्याखाली आणि आट्यांत घासण्यात जातो.

आपल्या जालन्याच्या लोखंडाचा इथे उल्लेख करायलाच हवा. इथल्या मिलांतून निघणाऱ्या सळईवर तिरक्या धारा असतात. त्या शोभेच्या नाहीत, काँक्रीटने सळईला धरावं म्हणून आहेत. मळसूत्राच्याच कुळातलं ते. पण दुकानात मापाचा गोंधळ अजून आहे. कुणी ‘तीन सूत’ म्हणतो, कुणी 10 मिलिमीटर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तेव्हा तीन सूत 9.5 मिलिमीटर झाले. तीन सुती बोल्टावर 10 मिलिमीटरचा नट चढतो, बसल्यासारखा वाटतो, पण आटे अर्धेच धरतात. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडात आट्यांचं एक माप असावं असा प्रस्ताव मांडला, तो याच दुखण्यावरचा उपाय होता. त्याआधी ज्या कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याचा नट.

मागून प्रश्न आला आहे की पत्रा सरळ वेल्ड का करू नये. एक तर अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा जळतो, त्यावरचा जस्ताचा थर उडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरं, पत्रा रोज श्वास घेतो म्हणा ना. डिसेंबरच्या पहाटेचा 10 अंशांचा पत्रा आणि मे महिन्याच्या दुपारचा 65 अंशांचा पत्रा यांत तीन मीटर लांबीला जवळपास दोन मिलिमीटरचा फरक पडतो. जोडणीला ही हालचाल सोसता आली पाहिजे. स्क्रूखालचा रबरी वॉशर पाणी अडवतो आणि ही हालचालही थोडी पोटात घेतो.

आता स्क्रूच्या रचनेकडे. छपराला आज वापरतात तो सेल्फ ड्रिलिंग स्क्रू नीट पाहिला तर तीन अवजारं एकात आहेत: टोकाला ड्रिल, मध्ये आटे, वर षटकोनी डोकं आणि वॉशर. टोकाचं ड्रिल पाईपच्या भिंतीच्या जाडीपेक्षा लांब हवं. कारण असं: ड्रिल एका फेऱ्यात केसाएवढं कापतं, आटा मात्र एका फेऱ्यात, इंचाला 14 आटे असतील तर, 1.8 मिलिमीटर पुढे ओढतो. भोक आरपार होण्याआधीच आटे लोखंडात शिरले तर दोघांची चाल जमत नाही. आटे मोडतात किंवा स्क्रूच तुटतो. तेव्हा जाड अँगलला लांब टोकाचा स्क्रू, पातळ पाईपला आखूड टोकाचा.

आणि पकड? ती स्क्रूपेक्षा पाईपवर जास्त अवलंबून आहे. पाईपची भिंत निम्मी पातळ घेतली की उपटण्याला होणारा विरोधही साधारण निम्मा होतो. पैसे वाचवायला आपण नेमका तोच पातळ पाईप घेतो. दुसरा धोका डोक्याशी असतो: स्क्रू जागेवर राहतो आणि पत्राच फाटून वॉशरवरून निघून जातो. 1974 च्या नाताळात ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर ट्रेसी चक्रीवादळ आलं आणि बहुतेक घरं मोडली. तपासात दिसलं की एका झटक्याने नव्हे, पुन्हा पुन्हा हिसके बसून स्क्रूभोवतीचा पत्रा तडकत गेला होता. तार वाकवून-वाकवून आपण तोडतो, तसं. तेव्हापासून तिकडे छपराच्या जोडण्या हजारो हिसके देऊन तपासतात.

स्क्रूला फिरवणाऱ्या अवजाराचा इतिहासही मजेदार आहे. एका खाचेचं डोकं हाताच्या पेचकसासाठी ठीक, पण पेचकस बाजूला सटकतो. कॅनडात रॉबर्टसनने 1908 च्या सुमारास चौकोनी खाच काढली. 1930 च्या दशकात अमेरिकेत फिलिप्सची चौफुली मोटारींच्या कारखान्यात शिरली; तिला वरून दाबून धरावं लागतं, नाहीतर टोक उसळून बाहेर येतं. छपरावर उभ्या माणसाला असं दाबून धरणं परवडत नाही. त्याचा एक हात तोल सांभाळायला लागतो. म्हणून छपराच्या स्क्रूला बाहेरून पकडायचं षटकोनी डोकं आणि त्यावर बसणारी चुंबकाची टोपी असते. डोक्याचा आकार आला तो कामगाराच्या पायाखालच्या उतारामुळे.

गिल्बर्ट राईल या तत्त्वज्ञाने 1949 मध्ये ‘माहीत असणं’ आणि ‘जमणं’ यांत फरक केला. तो इथे दिसतो. वॉशर किती दाबायचा हे पुस्तकात लिहिता येतं: रबर वरच्या धातूच्या चकतीच्या कडेपर्यंत यावं, बाहेर फुगू नये. पण ड्रिल मशीनचा घोडा नेमका कधी सोडायचा हे हाताला कळावं लागतं. जास्त आवळलं की रबर बाहेर येतं, उन्हाने तडकतं, पत्र्याला खळगा पडतो आणि तिथे पाणी साचतं. तिरका बसवला की एकाच बाजूने दाबतो. आवळणं ठरावीक जोराला आपोआप थांबवणारं मशीन मिळतं; पण ज्याला दिवसाला किती पत्रे टाकले यावर मजुरी मिळते, तो ते मशीन का घेईल? स्क्रूची मजबुती मजुरीच्या हिशोबातही ठरते, हे अभियांत्रिकीच्या पुस्तकात सहसा नसतं.

एक गोष्ट मात्र स्क्रूच्या हातात नाही. पत्रा पाईपला घट्ट, पण पाईप भिंतीत नुसता विटांखाली दाबलेला, असं असेल तर पाईपांसकट सगळं छप्पर जातं. ओढ पत्र्यातून स्क्रूत, स्क्रूतून पाईपात, पाईपातून भिंतीत आणि पायापर्यंत पोचली पाहिजे. भिंतीवर काँक्रीटचा पट्टा आणि त्यात रोवलेले बोल्ट नसतील, तर वर कितीही चांगला स्क्रू लावा.

घरी जाऊन काय बघायचं, असं पुष्कळजण विचारतात. कडेच्या आणि पडवीच्या ओळी आधी बघा, तिथे स्क्रू मधल्यापेक्षा जवळजवळ हवेत. डोक्याभोवती गंजाचं कडं किंवा पत्र्याला बारीक चीर आहे का बघा. हलणारा स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळण्यात अर्थ नाही, आटे तिथे मेलेले असतात. 12 नंबर काढून 14 नंबरचा जाड स्क्रू घाला. नाहीतर थोडं सरकून नवं भोक करा आणि जुनं बुजवा. स्क्रू पुरेसे झाले आणि पाईप भिंतीला बांधला गेला, की मगच दगड एकेक करून उतरवा, वरून फेकू नका. आणि पत्र्यावर चढताना पाईपच्या रेषेवर फळी टाका, सकाळी ऊन चढायच्या आत.