बालकांची हगवण : विषाणू आणि शिक्षकांचे कर्तव्य



कापसाची वेचणी सुरू झाली की आपल्या हजेरीपटावर काही मुलांची, विशेषतः मुलींची, गैरहजेरी दिसू लागते. आईवडील शेतात जातात आणि घरच्या तान्ह्यास सांभाळण्याचे काम थोरल्या बहिणीकडे येते. याच थंडीच्या दिवसांत एकदीड वर्षाच्या मुलांस वांत्या व पाण्यासारखी हगवण लागल्याचे अधिक आढळते. दात येत आहेत, दृष्ट लागली, दूध बाधले, अशी कारणे घरोघर सांगितली जातात. खरे कारण बहुधा निराळे असते.

लहान मुलांच्या अशा हगवणीचे एक प्रमुख कारण म्हणजे विषाणू होय. विषाणू हे जिवाणूंहून कितीतरी सूक्ष्म असतात. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याचा अंश इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने तपासला, तेव्हा चाकाच्या आकाराचा विषाणू दिसून आला. लॅटिन भाषेत ‘रोटा’ म्हणजे चाक; त्यावरून त्यास रोटाव्हायरस हे नाव मिळाले. दुसरा विषाणू नोरोव्हायरस. त्याची कथा तर प्राथमिक शाळेचीच आहे. १९६८ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात नॉरवॉक गावच्या शाळेतील सुमारे निम्मी मुले व शिक्षक एकदोन दिवसांत आजारी पडले. त्यास कारण झालेला विषाणू १९७२ साली ओळखता आला.

रोगी बालकाच्या विष्ठेतून हे विषाणू बाहेर पडतात आणि हात, पाणी, अन्न व भांडी यांवाटे दुसऱ्याच्या तोंडात जातात. रोटाव्हायरस लहान आतड्याच्या अस्तरातील पेशींचा नाश करतो. त्यामुळे अन्नपाणी नीट शोषले जात नाही व शरीरातील पाणी आणि क्षार वेगाने निघून जातात. बालक दगावते ते मुख्यतः या शोषामुळे. जिवाणूंवरील प्रतिजैविक औषधे विषाणूंवर चालत नाहीत. तथापि साखर व मीठ योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास आजारी आतडेही पाणी शोषून घेते. जलसंजीवनीचे, म्हणजेच ओआरएसचे, मर्म हेच होय.

हगवण लागली की पाणी व अन्न बंद करण्याची चाल घातक आहे. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे; ते पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध व नेहमीचा आहार चालू ठेवावा. आरोग्य सेविकेच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्याव्यात. डोळे खोल जाणे, बालक सुस्त होणे, लघवी न होणे, काहीही पिता न येणे किंवा शौचात रक्त दिसणे, यांपैकी एकही लक्षण आढळल्यास विलंब न करता दवाखान्यात न्यावे.

रोटाव्हायरसची लस बाळास सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे विनामूल्य दिली जाते. राष्ट्रीय लसीकरणात ती २०१६ पासून टप्प्याटप्प्याने आली व २०१९ साली महाराष्ट्रातही सुरू झाली. ती इतर विषाणूंपासून रक्षण करीत नाही. म्हणून स्वच्छता सुटत नाही.

शाळेने पुढील गोष्टी कराव्यात :

१. शौचानंतर व आहारापूर्वी मुलांनी साबणाने हात धुतल्याची खात्री करावी. केवळ पाण्याने खळबळणे पुरेसे नाही.

२. हगवण वा वांत्या असलेल्या मुलास त्या थांबल्यावर दोन दिवस घरीच राहू द्यावे व ती गैरहजेरी दोषास्पद मानू नये.

३. तिसरी-चौथीच्या मुलांकडून जलसंजीवनी वर्गात प्रत्यक्ष करवून घ्यावी व धोक्याची लक्षणे तोंडपाठ करवावीत.

तिसरी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. आजारी पडणारे बालक आपल्या वर्गात नसते. परंतु दिवसभर त्याच्या उशाशी बसणारी त्याची बहीण आपली विद्यार्थिनी असते. आई शेतातून परतेपर्यंतच्या वेळेत त्या बालकाचा जीव तिच्या हातात असतो. त्या हातांस हे ज्ञान देणे हे आपले काम होय.

— शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती, मारेगाव