बियावोव्येझा : अरण्यांतील एक ग्मिना

पोलंड देशाच्या राज्यकारभाराचा पायाभूत घटक म्हणजे ‘ग्मिना’ होय. आपल्या ग्रामपंचायतीशीं तिचें पुष्कळ साम्य आहे. मात्र एका ग्रामीण ग्मिनेंत बहुधा अनेक खेडीं मोडतात. तिच्या प्रमुखास ‘वुइत’ म्हणतात, इ. स. २००२ पासून त्याची निवड लोक प्रत्यक्ष मतदानानें करितात. अशाच एका ग्मिनेचा परिचय आम्ही येथें करून देत आहों.

बियावोव्येझा ही ग्मिना पोलंडच्या पूर्वेस बेलारूसच्या सीमेला भिडलेली आहे. मुख्य गांवाचें नांवही तेंच. त्याच्या आसपास तेरेमिस्की, बुडी, पोगोझेल्त्से इत्यादि खेडीं अरण्यांतील मोकळ्या जागीं वसलीं आहेत. ‘बुडी’ म्हणजे झोपड्या. रानांत राख, कोळसा व डांबर तयार करणाऱ्यांच्या झोपड्यांवरून हें नांव पडलें. पोलिश व बेलारूसी लोक येथें शेजारीं नांदतात. म्हणून मुख्य गांवांत कॅथलिक व ऑर्थोडॉक्स अशीं दोन्ही पंथांचीं ख्रिस्तमंदिरें आहेत.

हें अरण्य राजांनीं व पुढें रशियाच्या झारांनीं शिकारीसाठीं राखलें, म्हणूनच तें वांचलें. परंतु पहिल्या महायुद्धाच्या धामधुमींत येथील बायसन नांवाचे रानबैल मारले गेले. १९१९ सालीं शेवटचा नाहींसा झाला. १९२९ सालीं प्राणिसंग्रहालयांतून कांहीं आणून त्यांची पैदास सुरू केली व १९५२ पासून ते पुनः रानांत मोकळे सोडण्यांत आले. १९७९ सालीं येथील राष्ट्रीय उद्यानाची जागतिक वारशांत गणना झाली.

हें उद्यान पोलंडकडील अरण्याच्या सुमारें एकषष्ठांश भागावरच आहे. तें वाढवावें, असें निसर्गप्रेमी म्हणतात. पण २००० सालच्या कायद्यान्वयें त्यास स्थानिक ग्मिनांची संमति लागते. सरपण व लांकूडकाम यांवर ज्यांची भिस्त, त्यांस आपलें रान परकें होईल ही धास्ती वाटते. २०१६ सालीं झाडांस कीड लागल्याचें कारण देऊन सरकारनें वृक्षतोड वाढविली. तेव्हां गांवकऱ्यांतही दोन तट पडले. एप्रिल २०१८ मध्यें युरोपीय न्यायालयानें ती तोड बेकायदेशीर ठरविली.

आमच्या मतें उभय पक्षांचें म्हणणें खोटें नाहीं. अरण्य साऱ्या जगाचें; पण त्याच्या रक्षणाची झीज मात्र या चार खेड्यांनीं सोसावयाची! त्या झिजेंत इतरांनींही वांटा उचलला, तर संमति मिळणें कठीण जाऊं नये.