फीसाठी पाटल्या गहाण ठेवण्याआधी

परवा संध्याकाळी नाशिकला, आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर शेजारच्या वहिनी भेटल्या. हातात नेहमीच्या पाटल्या दिसल्या नाहीत म्हणून सहज विचारलं, तर म्हणाल्या, “अहो, बँकेत तारण आहेत. गेल्या वर्षी लेकीची फी भरायची होती ना!”

मुलगी हुशार, इंजिनिअरिंगला रीतसर सरकारी प्रवेशफेरीतून लागलेली. यजमान अंबडच्या एका कारखान्यात. घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या बरंच आत. म्हणजे तिची फी माफ होण्यासारखी होती! पण उत्पन्नाचा दाखला काढायचा राहिला, अर्जाची मुदत टळली आणि सगळा भार पाटल्यांवर आला. आता पोरगीच म्हणते, “आई, मी हे सोडून साधं बी.एस्सी. करते.” हे सांगताना वहिनींचा आवाज भरून आला.

मैत्रिणींनो, मार्क कमी पडले म्हणून सवलत गेली तर मनाची समजूत घालता येते. पण एका कागदावाचून जावी? म्हणूनच हा लेखप्रपंच.

सन २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारने आर्थिकदृष्ट्या मागास, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. अटी दोन : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत हवं आणि प्रवेश सरकारी फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याला, खाजगी विद्यापीठांना ही सवलत नाही. होस्टेलचा खर्चही यात धरू नका.

मुलगा असेल तर? खुल्या गटातल्या मुलाला याच उत्पन्नमर्यादेत राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून शिक्षण फीची निम्मी रक्कम मिळते. अनुसूचित जातीच्या मुलामुलींना उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फीमाफीची योजना वेगळी.

आणि साधं बी.ए., बी.कॉम. करणाऱ्यांचं काय? केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती पदवीच्या तीन वर्षांसाठी दरवर्षी १२,००० रुपये देते. त्यासाठी बारावीला बोर्डात ‘८० पर्सेंटाइल’च्या वर असावं लागतं. हे ८० टक्के मार्क नव्हेत बरं का! बोर्डातल्या शंभरांपैकी ऐंशी मुलं आपल्या मागे, असा त्याचा अर्थ. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. शिवाय आपल्या नाशिकची बरीच कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्या विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना आहे. तिची चौकशी कॉलेजात जरूर करा.

आता घरातली तयारी. ती आपण बायकांनीच करायची, कारण दूधवाल्याचा हिशेब आणि गॅसचा नंबर आपल्याच तर डोक्यात असतो! एक फाइल करा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, तेव्हा एप्रिल उजाडला की नवा काढायला टाका. अधिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात पडताळणी हे सगळं मूल अकरावी-बारावीत असतानाच सुरू करा. पडताळणीला वेळ लागतो आणि निकालानंतर धावपळ म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. आधार कार्डावरचं आणि मार्कशीटवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेही पाहा. बँकेत खातं मुलाच्या स्वतःच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं हवं.

राज्याच्या योजनांचा अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर भरायचा असतो. भरला की संपलं असं नाही. कॉलेजने तो तपासून पुढे पाठवलाय ना, हे विचारत राहा. आणि दरवर्षी नूतनीकरण! पहिल्या वर्षी मिळाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही.

यंदा वहिनींनी एप्रिलमध्येच दाखल्यासाठी अर्ज टाकला. म्हणाल्या, “पाटल्या सुटतील तेव्हा सुटतील. पण माझ्यापायी पोरीचं शिक्षण सुटायला नको.”

तुमच्या घरी यंदा कुणी बारावीला आहे का? मग आजच दुपारी कामं आटोपली की ती फाइल काढून बसा!