फेरफाराची वही आणि संगणकाची तबकडी

बारामती-इंदापूर भागात सातबारा ठाऊक नाही असा गृहस्थ विरळा. खातेदार बदलला म्हणून जुने नाव कोणी खरवडून काढीत नाही. फेरफाराच्या वहीत नवी नोंद होते, ती प्रमाणित झाली की जुन्या नावाला कंस पडतो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. मूळ लेखन शाबूत ठेवून बदल दुसरीकडे लिहावयाचा, ही रीत संगणकातही आहे. तिला ‘कॉपी-ऑन-राइट’ म्हणतात. सन कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली झेडएफएस आणि २००९ मध्ये लिनक्समध्ये आलेली बीटीआरएफएस या फाइल-व्यवस्था तिच्यावरच चालतात. लिहिता लिहिता वीज गेली (आणि आपल्याकडे ती जाते!) तरी जुना मजकूर जागेवर असतो.

आता एका यंत्राच्या पोटात चार-पाच संगणक नांदविता येतात. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात. पोटातल्या अशा संगणकाची अख्खी तबकडी बाहेरच्या यंत्राला एकच प्रचंड फाइल म्हणून दिसते. घोटाळा येथेच आहे. ४० गिगाबाइटांच्या फाइलीत ४ किलोबाइटांचे तुकडे १ कोटी ४ लाखांवर भरतात. हिशेबाच्या कामात तेच ते तुकडे दिवसभर पुन्हा लिहिले जातात, आणि दर खेपेस नव्या जागी. एकसलग फाइल हळूहळू विखुरते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यास ८ मिलिसेकंदांहून अधिक लागतात. मग हजार ठिकाणी धावणाऱ्या वाचकसुईची दमछाक व्हावी यात नवल नाही. झेडएफएसचा नेहमीचा ठोकळा १२८ किलोबाइटांचा. त्यातले ४ बदलले तरी सारा ठोकळा, म्हणजे बत्तीसपट, पुन्हा लिहावा लागतो.

बीटीआरएफएसमध्ये यावर सोपा तोडगा आहे. फाइल रिकामी असतानाच तिच्यापुरती ही रीत बंद करावी, की वेग येतो. पण तिच्याबरोबर पडताळ्याची बेरीजही जाते, हे फारसे कोणी सांगत नाही. ही बेरीज प्रत्येक तुकड्याची वेगळी ठेवलेली असते आणि वाचताना ताडून पाहिली जाते. दोन तबकड्यांवर ठेवलेल्या जोडप्रतींत तफावत पडली, तर खरी कोणती हे तीच सांगते. ती नसेल तर एकाच गटाचे दोन वेगळे सातबारे हाती आले आणि फेरफाराचा क्रमांक मात्र कोठेच नाही, अशी गत होते.

विद्यार्थ्यांच्या सरावाचा संगणक मोडला तर पुन्हा उभारता येतो. तेथे ही सूट खुशाल घ्यावी. पतसंस्थेच्या ठेवी किंवा उसाच्या वजनाचा हिशेब असेल तेथे मी घेणार नाही. त्यापेक्षा फिरत्या तबकडीऐवजी एसएसडी घ्यावी, झेडएफएसचा ठोकळा १६ किलोबाइटांचा करावा. शिवाय रोजची एक प्रत बारामतीची इंदापुरास, इंदापूरची बारामतीस ठेवावी. कारण तबकडीच जळाली तर जपलेल्या जुन्या नोंदीही तिच्याबरोबर जातात.