शेत राखावे, पण एकट्या शेतकऱ्याच्या पदराने नव्हे

शहराच्या वेशीबाहेरील काळ्या जमिनीत चुन्याच्या फक्क्या पडू लागल्या की, तेथून पुढे धान्य निघावयाचे नाही हे सांगण्यास ज्योतिषी नको. पेठेतील व्यापाऱ्यास त्या फक्क्यांत केवळ भाववाढ दिसते. परंतु जवळच्या मळ्यातून येणारी भाजी दूरच्या तालुक्यातून येऊ लागली म्हणजे वाढलेले भाडे अखेर त्याच्याच ताटात उतरते. अमेरिकेतील काही काउंट्यांनी, म्हणजे तेथील जिल्ह्यांनी, या प्रश्नाचा जो उलगडा केला तो वाचकांपुढे मांडणे आम्हांस म्हणूनच अगत्याचे वाटते.

न्यूयॉर्क राज्यातील सफोक काउंटीने १९७४ साली या कामी पाऊल टाकले. जमीन विकत घ्यावयाची नाही. तिजवर इमारत उठविण्याचा हक्क तेवढा विकत घ्यावयाचा. बिल्डर देईल तो भाव आणि नांगरणारा देईल तो भाव यांतील अंतर शेतकऱ्यास रोख मिळते. मालकी त्याचीच राहते. ती त्याने विकावी, मुलांस द्यावी. मात्र घेणारासही तेथे शेतीच करावी लागते. १९७९ साली सिअ‍ॅटल शहर जीत आहे त्या किंग काउंटीच्या मतदारांनी याच कामासाठी ५ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास संमती दिली. ज्यांचे स्वतःचे वीतभर शेत नाही अशा नगरवासीयांनीही हा भार आपण होऊन माथी घेतला, हे आमच्या मते विशेष होय.

मेरीलँडमधील माँटगोमेरी काउंटीने तर तिजोरीस फारसा हात न लावता काम साधले. ही काउंटी राजधानी वॉशिंग्टनला लागून असल्याने तेथे घरांची मागणी जबर. १९८० साली तिने सुमारे ९३,००० एकर, म्हणजे आपल्या भूमीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, शेतीसाठी राखला. पूर्वी ५ एकरांस एक घर बांधता येई, ते आता २५ एकरांस एक. एवढेच फर्मान काढले असते तर ती सरळ लूट झाली असती. म्हणून दर ५ एकरांमागे एक विकास हक्क शेतकऱ्याच्या नावे राखिला. तो शेतात वापरावयाचा नाही, बाजारात विकावयाचा. घेणाऱ्या बिल्डरने शहरालगतच्या नेमून दिलेल्या जागी त्यावर जादा घरे बांधावयाची. यात उणिवा आहेतच. हक्कास गिऱ्हाईक नसेल तर तो नुसता कागद. आणि २५ एकरांचा तुकडा एखादा हौशी धनिक बंगल्यासाठीही घेतो.

आपल्याकडे हे हत्यार अनोळखी नाही. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत हस्तांतरणीय विकास हक्क आले, पण ते रस्ते, उद्याने अशा आरक्षणांत गेलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी. पिकाऊ शेत राखण्यासाठी नव्हे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतील बिनशेती परवानगीची अट २०१७ साली विकास योजनेतील जमिनींपुरती बरीच सैल झाली. कचेरीचे हेलपाटे कमी झाले याबद्दल आम्ही अश्रू ढाळणार नाही. त्या हेलपाट्यांनी शेत कधी वाचविले नव्हते, चिरीमिरी मात्र वाढविली होती.

खरा अन्याय नकाशावरील रेषेत आहे. बांधाच्या अलीकडे पिवळा पट्टा पडला तर एक भाऊ लक्षाधीश; पलीकडे हिरवा पडला तर दुसरा भाऊ त्याच विहिरीच्या पाण्यावर कांदा लावीत बसतो, आणि मुलीच्या लग्नास कर्ज काढतो. त्याने हिरवा रंग पुसून घेण्यासाठी पुढाऱ्यांचे उंबरे झिजविले तर त्यास दोष कोणी द्यावा? हिरव्या पट्ट्यातील प्रत्येक एकरामागे त्यास विकाऊ हक्क द्या, आणि पिवळ्या पट्ट्यात जादा मजले चढविणाराने त्यांतील ठराविक हिस्सा शेतकऱ्याकडूनच खरेदी करावा असा नियम करा. बिल्डर मंडळी घरे महागतील अशी ओरड करतील. तथापि आज रेषा सरकविण्यापायी जो पैसा मधल्यामध्ये मुरतो, त्याचा हिशेब त्यांनी आधी जाहीर करावा. मग आम्ही त्यांचे गाऱ्हाणे स्वस्थपणे ऐकू.