राजकीय स्थैर्य व गुंतवणूक
शासकीय धोरणांच्या सातत्याविषयीची खात्री आणि भांडवल गुंतविण्याची तयारी यांतील परस्परसंबंध. उद्योगात गुंतविलेला पैसा दीर्घ काळ अडकून राहतो. त्यामुळे कर, भूसंपादन, परवाने इत्यादींविषयीचे नियम बदलण्याची शंका असल्यास गुंतवणूकदार निर्णय लांबणीवर टाकतात व मंदीतून सावरण्याची प्रक्रिया मंदावते.

राष्ट्रीय निवडणुकांचा परिणाम प्रथम शेअरबाजारात उमटतो. लोकसभेच्या अनपेक्षित निकालानंतर निर्गुंतवणूक धोरणाविषयी शंका निर्माण होऊन १७ मे २००४ रोजी मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक ११ टक्क्यांहून अधिक घसरला. उलट, स्पष्ट कौलानंतर १८ मे २००९ रोजी तो १७ टक्क्यांहून अधिक चढला. ४ जून २०२४ रोजी, मतमोजणीच्या दिवशी, तो सु. ५.७ टक्क्यांनी उतरला. तथापि २००४ नंतरची काही वर्षे अर्थव्यवस्था वेगाने वाढली. बाजाराची तात्कालिक भीती व उत्पादक गुंतवणूक यांतील फरक यावरून स्पष्ट होतो.

सोयाबीन व तूर पिकविणारा वाशिम जिल्हा २०१८ मध्ये केंद्र शासनाने आकांक्षित जिल्ह्यांत समाविष्ट केला. ७०१ किमी. लांबीचा नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग त्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. राज्यात २०१९ मध्ये व २०२२ मध्ये सत्तांतर होऊनही त्याचे काम चालू राहिले. नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी व अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. सत्ता बदलूनही शासनाचा शब्द टिकणे, हे मागास भागातील विश्वासाचे मुख्य अधिष्ठान होय. मात्र महामार्गालगत प्रक्रिया-उद्योग उभे राहिले, तरच जमीन देणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा टिकाऊ लाभ मिळेल.