ओढ्याच्या पाण्याची पारख

पावसाळा ओसरला की वसईजवळील तुंगारेश्वरच्या डोंगरातून उतरणारे ओढे नितळ दिसू लागतात. वाहते पाणी शुद्धच असते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. परंतु पटकी, विषमज्वर किंवा कावीळ पसरविणारे सूक्ष्मजीव डोळ्यांना दिसत नाहीत. नितळ पाण्यातही ते असू शकतात. म्हणूनच ओढ्यांच्या पाण्याची नियमित तपासणी आवश्यक ठरते.

या तपासणीत पाण्याचे तापमान, गढूळपणा, सामू, विरघळलेला प्राणवायू आणि जंतूंचे प्रमाण पाहिले जाते. ओढ्यात सांडपाणी मिसळले की त्यातील घाण कुजविणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार स्नानयोग्य पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू आणि ६.५ ते ८.५ इतका सामू असावा. पिण्याच्या पाण्याचा निकष याहून कडक आहे. १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय हा जीवाणू मुळीच आढळता कामा नये.

गावपातळीवर यासाठी एक सोपी चाचणी उपलब्ध आहे. औषध घातलेल्या निर्जंतुक बाटलीत पाणी भरून ठेवायचे. २४ ते ४८ तासांत ते काळे पडले, तर त्यात मैला मिसळला असण्याची दाट शक्यता असते. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाणी तपासण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे.

मात्र एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. पहिल्या पावसात रानातील व रस्त्यांवरील घाण ओढ्यात येते. उन्हाळ्यात पाणी आटल्याने दूषितपणा वाढतो. दिवसभरातही प्राणवायूचे प्रमाण बदलते. पाणवनस्पतींमुळे ते दुपारनंतर अधिक, तर पहाटे कमी असते. म्हणून ठरावीक जागी, ठरावीक वेळी नमुना घ्यावा. शिवाय एक नमुना वस्तीच्या वरच्या बाजूस व दुसरा खालच्या बाजूस घ्यावा. दोहोंतील फरकावरून घाण नेमकी कोठे मिसळते, हे उघड होते.

१९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंधक कायद्यातील कलम २४ नुसार ओढ्यात जाणूनबुजून प्रदूषक पदार्थ सोडण्यास मनाई आहे. तक्रार करताना तारीखवार नोंदींची वही हाती असली, तर ग्रामस्थांच्या शब्दाला पुराव्याचे बळ मिळते.